दोन प्रेतांची होडी

सीसीप म्हणजे क्री भाषेत बदक. नाव आईने लाडाने ठेवलेलं. पण आमच्या गढीतल्या एका होडीवाल्याने तिच्या चालीवरून चेष्टा केली, तेव्हा सीसीपने त्याचे दोन दात पाडले, आणि मग पुन्हा कुणी त्या वाटेला गेलं नाही. बाई ठेंगणी, रुंद, दंड लोहारासारखे. सस्कॅचवन नदीच्या काठाने फरच्या धंद्याच्या जेवढ्या म्हणून गढ्या होत्या, तेवढ्या सगळ्यांत तिच्या हातचं पेमिकन ओळखलं जाई. रानबैलाचं वाळवलेलं मांस दगडी हातोड्याने कुटायचं, त्यावर कढत चरबी ओतायची, कातडी पोत्यात ठासायचं आणि तोंड शिवून टाकायचं. इतर बायकांच्या पोत्यात केस निघत, खडे निघत, एकदा तर आख्खी मोजडी निघाली. सीसीपच्या पोत्यात मांसच निघे.

पण गढीला तिची खरी गरज होती ती दुभाषी म्हणून. क्री तिची स्वतःची. इंग्रजी नवऱ्याची, फ्रेंच होडीवाल्यांची. आणि ब्लॅकफूट लोकांची भाषा ती मार खाऊन शिकली होती.

अकरा वर्षांची असताना तिच्या वस्तीवर पहाटे ब्लॅकफूट तुटून पडले. आई तिच्या डोळ्यांदेखत कुऱ्हाडीखाली गेली. सीसीपला एकाने केसांना धरून घोड्यावर टाकलं. पुढची चार वर्षं तीन बायका असलेल्या एका माणसाच्या तंबूत पाणी भरायचं, लाकडं ओढायची, कातडी खरवडायची आणि कुत्र्यांत झोपायचं. तिसरी बायको तिला तंबूच्या खुंट्याने मारी. त्या चार वर्षांत सीसीपने त्या लोकांचा एकच कायदा पाहिला. त्यांच्यातला एक तरुण लढाईत मेला होता आणि घोडे चोरायला आलेला एक परका पोर त्यांच्या हाती लागला होता. दुसऱ्या दिवशी मेलेल्याच्या घरच्या बायकांनी त्या पोराला कुऱ्हाडींनी तोडलं. जमीन धुवायला पाणी सीसीपने आणलं. एकाला एक. ते तिच्या डोक्यात गरम सळईने लिहिल्यासारखं राहिलं.

तिला तिथून सोडवलं ते तिच्या भावाने. वापोस त्याचं नाव, म्हणजे ससा, आणि माणूस अस्वलाएवढा. एकोणीस वर्षांचा गडी दोन घोडे आणि एक बंदूक घेऊन एकटाच शत्रूच्या तळात गेला. पाहुणा म्हणून बसला, शिव्या ऐकल्या, तोंडावर राख फेकली ती पुसली. घोडे दिले, बंदूक दिली आणि बहिणीचा हात धरून चालत बाहेर पडला. वीस दिवसांची वाट. बर्फाने तिचे पाय फुटले तेव्हा त्याने तिला पाठीवर घेतलं, आणि त्यात त्याच्या स्वतःच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. असा भाऊ सगळ्यांच्या नशिबी नसतो. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकताना तुम्ही तिला राक्षसीण म्हणाल.

पुढे तिने ह्यू सॅबिस्टनशी घर मांडलं. ऑर्कनी बेटांवरचा होड्या बांधणारा माणूस, मवाळ, देवभोळा. चार मुलं झाली. तीन डांग्या खोकल्याने एकाच हिवाळ्यात गेली. ह्यू खळाळात बुडाला. उरला डेव्ही. त्याला वापोसमामाने वाढवला म्हटलं तरी चालेल. माग काढणं, सापळा लावणं, घोड्याला बोलून शांत करणं, सगळं मामाचं. एकोणीस वर्षांचा झाला तरी मामा दिसला की पोरगा लहान होई. सीसीपचं जगात दुसरं काही नव्हतं. हा मुलगा आणि हा भाऊ.

वापोसचाही एक मुलगा होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी तो दक्षिणेच्या टेकड्यांत मेलेला सापडला, डोक्याची कातडी गेलेली, आणि कमरेची चकमकीची पिशवी गेलेली. त्या पिशवीवर त्याच्या आईने साळूच्या काट्यांचं भरतकाम केलं होतं. लाल फूल आणि मधोमध निळा ठिपका. मुलाच्या मागोमाग आई गेली. त्यानंतर वापोस कमी बोलू लागला आणि जास्त पिऊ लागला.

आता त्या दिवसाकडे येतो.

पॉपलरची पानं पिवळी झाली की ब्लॅकफूट व्यापाराला येत. त्याची एक रीत होती. ते पलीकडच्या काठावर तळ टाकत आणि सगळ्या बंदुका आभाळात रित्या करत. म्हणजे काय, तर बघा, आमच्याकडे भरलेलं काही नाही. लगेच गढीच्या बुरुजावरून तोफ वाजे, तीही अशीच रिती होई. म्हणजे आमच्याकडेही नाही. मग ते नदी ओलांडत, बंदुका दरवाजात ठेवत आणि आत येत. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. पण त्या साली मोठे साहेब नवे होते. हॅलिडे त्यांचं नाव. कोवळ्या मिशा, पांढरे मोजे, आणि अक्कल मोज्यांएवढीच स्वच्छ; कधी वापरलेलीच नाही.

पलीकडून बंदुका वाजल्या. तोफेवरचा गडी पलिता घेऊन उभा.

"थांब," साहेब म्हणाले. "तोफ राजाच्या वाढदिवसाला वाजते. असल्या रानट्यांसाठी नाही."

सीसीप खाली अंगणात होती. तिने वर बघून ओरडून सांगितलं, "साहेब, वाजवा! त्यांच्या बंदुका आता रिकाम्या आहेत आणि तुमची तोफ भरलेली आहे. हे त्यांना कसं दिसत असेल?"

"बाई, तुला भाषांतराला ठेवलंय. सल्ल्याला नाही."

नदीपलीकडे बराच वेळ कुणी हललं नाही. मग एक स्वार पाण्यात घोडा घालून अर्ध्यापर्यंत आला आणि ओरडला. सीसीपने साहेबांना सांगितलं, "ते म्हणतायत, तुम्ही उत्तर दिलं नाही. आता तुमचा एक माणूस आमच्या तळात येऊन बसू दे. व्यापार संपला की परत. नाहीतर ते जातायत नदीच्या खालच्या गढीला, दुसऱ्या कंपनीकडे."

खालच्या गढीचं नाव काढल्यावर साहेब खडबडून जागे झाले. "पाठवा कुणालातरी."

कुणीतरी म्हणजे कोण? ज्याच्यामागे बोलणारं कुणी नाही तो. डेव्हीचं नाव निघालं. सीसीपने त्याचा दंड धरला. पण पोरगा हसत म्हणाला, "काय होतंय आई? दुपारपर्यंत बसेन, त्यांचं मांस खाईन. तुझ्यापेक्षा बरं करत असतील."

"जीभ चालवू नकोस. कुणी काही दिलं तर दोन्ही हातांनी घे. म्हातारं माणूस दिसलं तर आधी त्याचं काम कर."

डेव्ही होडीत बसून गेला. सीसीप तशीच गढीमागच्या क्री तंबूंकडे धावली आणि भावापुढे उभी राहिली.

"दादा, आज तू आत यायचं नाहीस. डेव्ही तिकडे आहे. इथे कुणाला ओरखडा उठला तर तिकडे त्याचं काय होईल ते तुला सांगायला नको."

"मी कशाला येतोय मरायला?" वापोस म्हणाला. त्याच्या तोंडाला रमचा वास होता. "डेव्हीच्या गळ्याची शपथ."

तिने विश्वास ठेवला. न ठेवून काय करणार होती?

सहा ब्लॅकफूट आत आले. बंदुका दरवाजात ठेवल्या. पुढे होता काळा-पंख, चाळिशीचा, देखणा, खांद्यावर घोंगडी. व्यापाराच्या खिडकीशी लांडग्यांची कातडी खाली टाकली गेली. खिडकीच्या आत साहेब, बाहेर सीसीप, दोघांमध्ये बोलणी. सगळं ठीक चाललं होतं. काळ्या-पंखाने चिलीम काढायला घोंगडी बाजूला केली, आणि सीसीपला त्याच्या कमरेची पिशवी दिसली. लाल फूल. मधोमध निळा ठिपका.

तिने मान वळवली, तर नदीकडच्या पाणदरवाजातून वापोस येत होता. पिणारा माणूस शपथ देतो ती चिलमीच्या धुरासारखी असते हे तिला कळायला हवं होतं. त्यालाही पिशवी दिसली. तो शांतपणे चालत आला आणि काळ्या-पंखासमोर उभा राहिला.

"सिसे, याला विचार, पिशवी कुठे मिळाली."

"दादा, जा इथून."

"विचार म्हटलं ना."

तिने विचारलं. काळा-पंख हसला आणि म्हणाला, "एका क्री पोराने दिली. त्याला पुढे लागणार नव्हती." त्याचे पाचही सोबती हसले.

सीसीप क्रीत म्हणाली, "म्हणतोय, विकत घेतली."

वापोसने त्या पाच हसऱ्या तोंडांवरून नजर फिरवली. "विकत घेताना एवढं हसू येतं होय गं?" तो म्हणाला, आणि मोजडीतून सुरा काढून त्याने काळ्या-पंखाच्या बरगडीखाली घातला, वर ओढला, पुन्हा घातला. काळ्या-पंखाने त्याचा गळा धरला. दोघे कातड्यांच्या ढिगावर पडले. तिसऱ्या घावाला पकड सुटली. पांढऱ्या लांडग्याचं कातडं लाल होत गेलं.

मग एकच गदारोळ. पाच जण सुरे काढून दरवाजाकडे सरकले. मध्ये आलेल्या एका होडीवाल्याचा जबडा त्यांनी सुऱ्याच्या मुठीने फोडला, दुसऱ्याचा तळवा मनगटापर्यंत चिरला. बुरुजावरून कुणीतरी गोळी झाडली, ती एकाचा कान घेऊन गेली. दरवाजातल्या बंदुका उचलून ते पाचही घोड्यांवर चढले आणि पाण्यात शिरले. काळा-पंख अंगणातच राहिला. वापोस त्याच्यावर ओणवा बसून पिशवीची गाठ सोडवत होता, पण बोटं रक्ताने घसरत होती. सुकाणूवाला तुसाँ आणि आणखी तिघांनी त्याला फळीने पाडलं आणि फरपटत नेऊन मांसाच्या कोठीत कोंडलं. कोठीची किल्ली सीसीपची. कुलूप तिनेच लावलं.

साहेबांनी मोठा दरवाजा लावून घेतला आणि, वरातीमागून घोडं म्हणतात तसं, आता तोफ भरायला सांगितली. तीही छर्‍यांनी.

थोड्या वेळाने पलीकडून पुन्हा तो स्वार आला. पाण्यात उभा राहून ओरडला, "आमचा मेलेला सूर्य बुडायच्या आत आणून द्या. मग तुमच्या पोराचं बोलू." एवढंच बोलून तो गेला.

"काय म्हणाला?" साहेबांनी विचारलं.

सीसीपने सांगितलं. मग म्हणाली, "साहेब, मेलेल्याला पांघरूण घालावं लागतं. लाल कापड, तंबाखू, किटल्या, दोन बंदुका. सगळं त्याच्या अंगावर ठेवून मी स्वतः घेऊन जाते. कदाचित ऐकतील."

"दरवाजा उघडणार नाही."

"मग माझा भाऊ त्यांच्या हवाली करा."

"म्हणजे क्री लोक माझी गढी जाळतील. त्याला दिलं तर क्री पेटतात, नाही दिलं तर ब्लॅकफूट. मी कुणालाच काही देणार नाही. दरवाजा बंद."

"आणि माझा पोरगा?"

साहेबांनी मोज्यावर उडालेला रक्ताचा थेंब रुमालाने पुसायचा प्रयत्न केला. "आत चाळीस माणसं आहेत, बाई. तो एक नोकर आहे. नोकरीत धोका असतोच."

मला विचाराल तर मांस कुटायचा तो हातोडा तिने तिथेच वापरायला हवा होता. पण साहेबाच्या मुडद्याचा पलीकडे काही उपयोग नव्हता.

सूर्य अजून दोन हात वर होता. ती कोठीपाशी गेली, कुलूप उघडलं, आत जाऊन दार ओढून घेतलं. फटींतून उजेड येत होता. वापोस पेमिकनच्या पोत्यांना टेकून बसला होता, कपाळ फुटलेलं, रम उतरलेली.

"आलीस? मला वाटलं विसरलीस." त्याने हात पुढे केला. "खायला दे काहीतरी. सकाळपासून पोटात काही नाही."

तिने वाळलेल्या मांसाचा पट्टा दिला. तो चावू लागला.

"दादा, माझ्याबरोबर पलीकडे चल."

"वेडी झालीस का? मला बघताच तुकडे करतील."

"डेव्हीला सोडतील."

तो चावायचा थांबला. मग पुन्हा चावू लागला. "नाही सोडणार. तू त्यांना ओळखत नाहीस का? दोघांनाही मारतील. तू एक कर. मागचं दार उघड. मी नदीच्या वरच्या अंगाला जातो, आपली माणसं जमवतो, तीस घोडे आणतो. आणि मग बघ."

"तीस घोडे यायला चार दिवस. त्यांनी सूर्यास्ताचं सांगितलंय."

"मग देवाची मर्जी." त्याचा आवाज फाटला. "माझ्या पोराच्या वेळी कुणी आलं होतं का गं? माझ्या पोराची पिशवी तो कंबरेला लावून हिंडत होता. हसत होता. तुझ्यासमोर हसला. तू असतीस तर काय केलं असतंस?"

"हेच."

"मग?"

"मग काही नाही."

"मी तुला दोन घोडे देऊन आणलं," वापोस म्हणाला. "माझी बोटं गेली तुझ्यापायी. आणि तू मला त्याच लोकांना विकायला निघालीस?" हे बोलताना तो रागावलेला नव्हता. दुखावलेला होता, आणि ते तिला जास्त लागलं. तो पाठ फिरवून पोत्यांकडे वळला आणि मांस चावत बसला. लहानपणी रुसला की असाच बसायचा.

दाराशी मांस कुटायचा दगडी हातोडा होता. कातड्याच्या विळख्याने बांधलेला दगड, हाताएवढा दांडा. सीसीपने तो उचलला. वीस वर्षं रोज ती तो उचलत आली होती, वजन हाताला माहीत होतं. पहिला घाव मानेच्या वर बसला. वापोस पुढे पडला, पण मेला नाही. त्याने वळून बघायचा प्रयत्न केला. त्याच्या तोंडात अजून मांस होतं. तो काहीतरी म्हणाला, ते तिला कळलं नाही. तिने दुसरा घाव घातला. मग तिसरा, कारण हात थांबेना. मग ती खाली बसली आणि तोंडात आपल्या घोंगडीचं टोक कोंबून इतकी रडली की बाहेर उभ्या तुसाँला वाटलं कोठीत जनावर शिरलंय.

त्याने दार उघडलं. बघितलं. क्रूस केला.

"वहिनी, हे काय केलंत?"

"एकाला एक," ती म्हणाली. "आता पाणदरवाजा उघडा, भाऊजी. मी एकटीने दोघांना ओढू शकत नाही."

तुसाँ ह्यूचा जिवलग. त्याने काही विचारलं नाही. दोघांनी आधी काळ्या-पंखाला आणलं, मग वापोसला. झाडाच्या सालीची होडी दोन प्रेतांच्या भाराने काठोकाठ बसली. सीसीपने आपली घोंगडी भावाच्या अंगावर टाकली. बुरुजावरून साहेब ओरडले, "थांब! परवानगीशिवाय नदीत होडी घातलीस तर गोळी घालीन!"

"घाला की!" ती खालून ओरडली. "सकाळी रीत होती तेव्हा बारूद नव्हतं, आता बरं सापडलं!"

गोळी आली नाही. तुसाँ बुरुजाखाली उभा राहून वरच्या माणसांकडे बघत होता. त्याच्या हातात बंदूक होती.

पलीकडच्या काठावर दीडशे माणसं उभी होती, पण एकानेही बंदूक उचलली नाही. सीसीपने होडी वाळूवर घातली आणि पाण्यातून चालत वर आली. समोर कातड्यावर एक म्हातारी बसली होती. केस कापलेले, पोटऱ्या चिरून घेतलेल्या, डाव्या करंगळीचं पेर तोडून त्याला चिंधी बांधलेली. ही मागे-बघणारी, काळ्या-पंखाची आई. आणि तिच्या शेजारी डेव्ही. तोंडाला लाल माती फासलेली, अंगात दुसऱ्याच कुणाचातरी मण्यांचा सदरा. सीसीपची नजर त्या लाल रंगावर अडली. तिच्या वेळी कुऱ्हाडींनी तोडलेल्या त्या परक्या पोरालाही आधी असंच रंगवलं होतं.

तिने धावत जाऊन वापोसला काखेत धरून वाळूवर ओढला आणि त्यांच्या भाषेत ओरडली, "हा घ्या! ज्याने मारला तो हा. मी मारलाय माझ्या हाताने. हा तुमचा मेलेला आणि हा त्याचा बदला. आता माझ्या पोराला सोडा!"

काळ्या-पंखाच्या चुलतभावांनी येऊन त्याला होडीतून उचललं आणि तंबूंकडे नेलं. म्हातारी उठली नाही. ती सीसीपकडे बघत राहिली, मग घोंगडीकडे, मग पुन्हा सीसीपकडे.

"हा तुझा कोण?" तिने विचारलं.

"भाऊ."

म्हातारीने आपले डोळे हातांनी झाकले. मग ती बोलली. "हा पोरगा सकाळी आमच्या तळात आला. मी पाण्याची कातडी उचलत होते, त्याने माझ्या हातून घेतली. दुपारी बातमी आली तेव्हा माझे पुतणे कुऱ्हाडी घेऊन आले. मी म्हटलं, याला मारून माझी चूल कोण पेटवणार? माझा मुलगा गेला, मला मुलगा हवा. मी माझ्या मुलाचा सदरा याला घातला, रंग लावला, भरवलं. तेव्हाच सगळं मिटलं. तुमच्याकडून आम्हाला फक्त आमचं प्रेत हवं होतं, आणि बोलायचं होतं की पोरगा इथे राहील, सुखात राहील. रक्त कुणी मागितलं होतं, बाई?"

चार वर्षं सीसीप या लोकांत राहिली होती, पण तिला कुणी सदरा घातला नव्हता. तिच्या वाट्याला खुंटा आला होता. तिला अर्धाच कायदा माहीत होता.

"माझा एक गेला, त्याच्या जागी हा पोरगा मिळाला," म्हातारी म्हणाली. "आता हा दुसरा, तुझा भाऊ, मी कुठे ठेवू? एकाच्या बदल्यात दोघांना घेऊन मी झोपू शकणार नाही. तुझा मुलगा घेऊन जा."

"काय म्हणतेय ती?" डेव्हीने विचारलं. त्याला त्यांची भाषा येत नव्हती. त्याची नजर घोंगडीवर होती. घोंगडीखालून डावा पाय बाहेर आला होता, आणि त्याला तीनच बोटं होती. "आई, मामा का झोपलाय असा?"

खोटं बोलायला सगळी मोकळीक होती. साहेबांच्या माणसांनी मारलं, असं ती म्हणाली असती तर तिला पकडणारं तिथे कुणी नव्हतं. पण सकाळी एकदा ती खोटं बोलली होती, आणि त्याचं फळ आता वाळूवर पडलं होतं. तिने सगळं सांगितलं. म्हातारीने जे जे म्हटलं ते सगळं.

"मग मामाला कुणी मारलं?"

"मी. तुझ्यासाठी."

डेव्ही उठला. त्याने घोंगडी उचलली, मामाचं डोकं एका बाजूला वळवलं आणि मागचं बघितलं. तो घाव कशाचा आहे हे त्याला विचारावं लागलं नाही. त्या हातोड्याच्या आवाजावरच तो वाढला होता.

"पाठमोरा होता?"

"हो. खात होता."

"तो म्हणाला होता का, की मला घेऊन चल?"

"नाही," सीसीप म्हणाली. "मी चल म्हणाले, तो नाही म्हणाला. डेव्ही, ती तुला सोडतेय. चल. होडी आहे. नंतर मला काय मारायचं ते मार."

त्याने घोंगडी पुन्हा नीट पांघरली, तीनबोटी पायसुद्धा आत घेतला. मग तो चालत गेला आणि म्हातारीशेजारी कातड्याच्या कडेला बसला. तोंडावरच्या लाल मातीवरून डोळ्यांतलं पाणी वाहत होतं, पण आवाज स्थिर होता.

"तिचा सख्खा मुलगा मारला गेला, तरी तिने कुणाला मारू दिलं नाही," तो म्हणाला. "तिला सांग, मी राहतो."

"डेव्ही—"

"मला त्यांची भाषा येत नाही, आई. तूच सांग. नीट सांग, तिला कळेल असं."

म्हातारी एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती. "काय म्हणतोय पोरगा?" तिने सीसीपला विचारलं.

सीसीपने एकही शब्द न बदलता तिला सांगितलं. म्हातारीने ऐकलं, आणि डेव्हीला बसायला पुरेशी जागा व्हावी म्हणून ती कातड्यावर जरा सरकली.